लालीबाईचा ढावलो

पुसद,
१३ नोव्हेंबर

शाम,

रविवार, ९ नोव्हेंबर, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. या वेळेला तुझ्या 'उजेडवाट' या बातम्यांच्या चॅनलवर लालीबाई रडायला लागली आणि अजून थांबलेली नाही. वेळ माझ्या मनची नाही, क्लिपखाली तूच छापली आहेस.

'चिरंजीव' लिहिलेलं नाही, 'अनेक आशीर्वाद'ही नाहीत. विसरले असं समजू नकोस. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. लोहाऱ्याला तुझ्या फ्लॅटवर पोस्टमन येईल तेव्हा सही करावी लागेल. 'ते घरी नाहीत' असं तुझ्या बायकोला, वर्षाला, सांगायला लावू नकोस, तिला खोटं बोलता येत नाही.

तुला ठाऊक असलेलंच मी पुन्हा लिहिणार आहे. हे पत्र उद्या एखाद्या साहेबासमोर ठेवायची वेळ आली तर त्याला आपला तांडा, आपली रीत आणि माझा भाचा, सगळंच समजलं पाहिजे. प्रत मी ठेवली आहे.

एप्रिलमध्ये सावरटेक तांड्यात लालीबाईच्या सोनूचं लग्न झालं. तू होतास. लापशी दोनदा मागून घेतलीस आणि 'मासी, शहरात अशी मिळत नाही' म्हणालास. आपल्या बंजाऱ्यांत मुलगी सासरी निघाली की मायलेकी गळ्यात पडून ढावलो म्हणतात. ते रडणंही असतं आणि गाणंही असतं. घरच्या एकेकाचं नाव घेत, उंबऱ्याला, गोठ्यातल्या वासराला हाक मारत सुरात रडायचं. 'माझी पोर नेली गं, माझ्या दारातून नेली' हे त्यातलं ठरलेलं म्हणणं. नेणारा नवरदेव शेजारीच उभा असतो, आणि ढावलो चांगला झाला तर तोही डोळे पुसतो. आताच्या आयांना तो येत नाही, त्या मोबाईलवर लावतात. लालीबाईला येतो. तिचा ऐकून माणसं पंगतीतून उठून आली. म्हणून मी तो माझ्या फोनवर काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. घरच्यांसाठी.

घरच्या ग्रुपमधून तू त्याचा एक तुकडा उचललास. ढोल काढलास, मांडव कापलास. लालीबाईचा चेहरा एवढा मोठा केलास की मागची हळद लागलेली माणसं दिसू नयेत. तिच्या गळ्यातली सोनू नवरीच्या पोशाखात होती, तर तिला धुरकट केलंस आणि खाली लिहिलंस, 'मुलीची ओळख आम्ही जबाबदारीने लपवली आहे.' मी नन्सच्या हाताखाली शिकले, शाम. साधेपणाचं आणि शुचितेचं ढोंग मी लहानपणापासून पाहिलं आहे. पण अब्रू राखतो असं म्हणत नवरीचा पोशाख पुसून टाकायचा, हे त्या बिचाऱ्यांनाही सुचलं नसतं.

वर शीर्षक: 'तांड्याची लेक नेली कुणी? आईचा टाहो.' आणि बाजूला लाल वर्तुळात राजदीपचा फोटो.

राजदीप गावातल्या मारोती गिरणीवाल्याचा मुलगा. त्याची आई सत्यभामा सरपंचपदाला उभी आहे. गाव आणि तांडा मिळून ग्रामपंचायत एक, आणि तांड्यावर पाण्याची टाकी आणीन एवढंच ती दारोदार सांगत होती. तांडा तिच्या बाजूने झुकला होता, तेही बौद्धवाड्यातल्या बाईच्या, म्हणून धुरपताबाईच्या घरात झोप उडाली होती. धुरपताबाई दुसरी उमेदवार. तिचा मुलगा संजय तुझ्या ऑफिसात कशाला येऊन बसत होता, ते मी विचारत नाही. राजदीपचा फोटो लग्नातलाच आहे. लग्नाचं पीठ त्याच्या गिरणीतलं. पोती उतरवून घाम पुसत उभा होता, तेवढ्यात कुणीतरी टिपला.

मंगळवारी त्याला पुसदच्या बसस्टँडमागे चौघांनी धरलं. 'पोरी नेतो काय रे' म्हणत मारलं. डावा डोळा गेला. डॉक्टर अजून 'बघू' म्हणतात, पण मी ते 'बघू' आयुष्यभर ऐकत आले आहे.

काल दवाखान्यात गेले. सत्यभामा जिन्याखाली बसली होती. मला पाहून उठली नाही, आणि का उठावं? म्हणाली, "मॅडम, तुमचा भाचा तुमच्याच हाताखाली वाढला ना? मंग त्याले एक विचारा. माह्या पोरानं लग्नाचं पीठ पोचवलं, थेच चुकलं का?"

तिचा प्रश्न जसाच्या तसा तुला पाठवते आहे.

येत्या रविवारी मतदान आहे. त्याआधी ती क्लिप काढ. पूर्ण ढावलो लाव, ढोलासकट, नवरीसकट. आणि तुझ्या तोंडाने सांग की हे लग्न होतं. पुढचं नंतर बोलू.

जमना मासी


पुसद,
२१ नोव्हेंबर

शाम,

सत्यभामा पडली. धुरपताबाई निवडून आली. अभिनंदन कुणाचं करायचं ते कळवशील.

पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. वर्षाच्या फोनवरून आवाज पाठवलास आणि संध्याकाळी पुसून टाकलास. पण मी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली बाई आहे. ऐकलेलं तसंच्या तसं उतरवायची सवय माझ्या हाताला आहे. तुझे शब्द तुलाच वाचायला देते.

"मासी, तू कायले टेन्शन घेऊन राह्यली? क्लिप खोटी नाही. आवाज लालीकाकीचा, आसू लालीकाकीचे. मी एक तरी शब्द आपल्या मनानं घातला का? मी फक्त प्रश्न विचारला. पाण्याच्या टाकीवर किती बातम्या केल्या मी, कोणी पाह्यल्या? कुत्रं नाही पाह्यलं. लोकाले टाकी नाही पाह्यजे मासी. आपली इज्जत कोणी नेऊन राह्यला असं वाटलं पाह्यजे, मंग ते घरातून उठते. हे मी नाही बनवलं, माणूसच तसा आहे. आन् त्या पोट्ट्याले मी नाही मारलं."

प्रश्न विचारला म्हणतोस. मीही एक विचारते. 'शामने आपल्या आईच्या आजारपणात तिला पाहिलं का?' बघ, मी काही म्हटलं नाही. फक्त प्रश्न विचारला. उत्तर मला ठाऊक आहे, रात्रंदिवस पाहिलंस तू तिला, चौदा वर्षांचा असताना. पण हा प्रश्न मी उद्या तांड्याच्या पारावर टाकला, तर पुढच्या आठवड्यात तुझ्या दारात कोण काय बोलेल ते तू मला सांग. तुझं तर हे शिक्षणच झालंय. नागपूरच्या त्या शिबिरातून आलास तेव्हा माझ्या ओसरीवर बसून सांगत होतास, आधी राग, मग लाज, माहिती सगळ्यात शेवटी आणि जमलं तर. मी हसले होते. मला वाटलं, साबणाच्या जाहिरातीबद्दल बोलतोयस.

माणूस तसा आहे, हे खरं. पण तांड्याने तुझ्या क्लिपवर रागाने विश्वास ठेवला असं तुला वाटतं, तिथे तू चुकतोस. गेल्या पावसाळ्यात नाल्यावरचा पूल खचला तेव्हा पहाटे 'उजेडवाट'वर तू सांगितलंस, कुणी पूल ओलांडू नका. सरकारी माणूस दुपारी आला. तोवर तांड्यातली एकही बैलगाडी पाण्यात गेली नव्हती. रेशनचा तांदूळ कधी येणार, कुणाची म्हैस कुठे सापडली, दवाखान्यात डॉक्टर आहे की नाही, दोन वर्षं तू खरं तेच सांगितलंस. म्हातारी माणसं नातवाला म्हणायची, 'शाम काय म्हणते पाह्य, मंग निघू.' हे तू मिळवलं होतंस. खोटेपणाने मिळवलं नव्हतंस, आणि मला राग त्याचाच आहे. लबाडाने लबाडी केली असती तर मी पत्र लिहायला शाई वाया घालवली नसती.

मोतीबाईचंच सांगते. तुझ्या क्लिपमध्ये लालीबाईच्या खांद्यावर एक हात दिसतो ना, बांगड्यांनी भरलेला, तो मोतीबाईचा. ती त्या मांडवात उभी होती. ती स्वतः रडत होती. तिला मी विचारलं, तू तरी सांग लोकांना. तर इकडेतिकडे पाहून म्हणाली, "बाई, ढावलो तर होताच. म्या डोयानं पाह्यला. पन त्याच्या पह्यले काही झालं असल. नाही तं शाम कायले टाकते?"

डोळ्याने पाहिलं आणि तुझ्यावर विश्वास ठेवला. असा विश्वास देवालाही मिळत नाही.

निकालाच्या दिवशी संजयने मिरवणूक काढली. गुलाल, ट्रॅक्टर, मोठे स्पीकर. तांड्यावरून जाताना स्पीकरवर काय लावलं होतं ते तुला कुणी सांगितलं का? लालीबाईचा ढावलो. तुझा तुकडा, पुन्हा पुन्हा. खाली ठोका टाकलेला, पोरं त्यावर नाचत होती. मी लालीबाईच्या घरात होते. तिने दार लावून घेतलं, कडी घातली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेरून तिचाच आवाज जात होता, 'माझी पोर नेली गं.' शेवटी म्हणाली, "बाई, मोठ्या पोराच्या पोरीचं लग्न होईन तवा मी काय म्हनू आता?"

तुझ्या उत्तराची मी अजून वाट पाहते आहे. आवाज पाठवू नकोस. कागद पाठव. कागद संध्याकाळी पुसता येत नाही.

जमना मासी


पुसद,
२ डिसेंबर

शाम,

सोनूला सासरच्यांनी परत पाठवलं.

वरचं वाक्य लिहून मी उठले, चहा केला, तो तसाच राहिला. आता पुन्हा बसले आहे.

घाटंजीकडच्या त्यांच्या तांड्यात तुझी क्लिप पंधरा दिवस उशिरा पोचली. राजदीपचा फोटो पोचला. धुरकट केलेली मुलगी म्हणजे आपलीच सून, हे तिच्या नवऱ्याला बांगड्यांवरून कळलं, त्यानेच भरल्या होत्या. बघ, तू तिची ओळख किती जबाबदारीने लपवलीस. कुणी आरडाओरडा केला नाही. सासरा रामलाल भला माणूस आहे. त्याने सोनूला बसमध्ये बसवून दिलं, डबा दिला, आणि 'काही दिवस आईकडे राहा' म्हणाला. किती दिवस ते म्हणाला नाही.

सोनूने स्वतः फोनसमोर उभी राहून सांगितलं होतं, माझं लग्न झालं, मी सुखात आहे, राजदीपदादाला मी पीठ घेताना दोनदा पाहिलंय, बस. सत्यभामेच्या पुतणीने तो व्हिडिओ सगळीकडे पाठवला. लोक म्हणाले, बोलायला लावलेलं दिसतं. का? तर पोरगी हसत होती. तुझ्या शिबिरात हे शिकवलं होतं का रे? रडणाऱ्या आईला कुणी पुरावा मागत नाही आणि हसणाऱ्या मुलीला कुणी सोडत नाही?

शनिवारी मी घाटंजीला गेले. फोन पूर्ण चार्ज करून नेला होता. रामलालने खाट टाकली, पाणी दिलं, घरातली चार माणसं जमली. मी मूळ व्हिडिओ लावला, सुरुवातीपासून. ढोल, मांडव, हळद, नवरदेव, सगळं. त्यांचा स्वतःचा मुलगा त्यात डोळे पुसतोय. मला वाटलं, झालं, आता उठतील आणि सोनूला आणायला निघतील.

रामलालच्या धाकट्या मुलाने फोन हातात घेतला, मागेपुढे केला आणि हसून परत दिला. "मावशी, आता काहीबी बनवता येते. एआयवर माह्या मित्रानं त्याच्या मेलेल्या आजीले नाचवलं."

मी म्हटलं, "अरे, तुझा भाऊ उभा आहे त्यात! त्याला विचार."

भाऊ बाजूलाच बसला होता. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं, त्याला आठवतंय. पण तो म्हणाला, "लग्नातलं खरंच आहे. पन लग्नाच्या पह्यले काय झालं मले काय मालूम?"

मग रामलाल बोलला. तो सावकाश बोलतो, प्रत्येक शब्दाला जागा देऊन. "बाई, तुमच्यावर आमचा डाउट नाही. पन तुम्ही तिच्या घरच्या. तुम्ही बोलानच. शामभाऊले आम्ही ओळखत बी नाही, त्याले आमच्याशी काय देनंघेनं? त्याचं चॅनल खोटं सांगत नाही. पुलाच्या टायमाले पाह्यलं ना. थ्यानं एकदा लिहून द्यावं, का हे लग्नाचं आहे, माह्यी सून सोन्यासारखी आहे. मी उद्या स्वतः आणायले येतो. बॅंड लावून आनतो."

हे ऐकून मी हसले, शाम. खाटेवर बसून मोठ्याने हसले. त्यांना वाटलं म्हातारी बिघडली. माझ्या हातात खरं होतं आणि ते कुणाला नको होतं. त्यांना तुझ्या हातचं पाहिजे. खोटं ज्याने सांगितलं त्याच्याच तोंडून खरं ऐकायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

परतीच्या बसमध्ये मला ते दिवस आठवले जेव्हा मी याच रस्त्यावर शेजारच्या बाईला, कंडक्टरला, ज्याला त्याला सांगायची, 'उजेडवाट पाहा, माझ्या भाच्याचं आहे, डोळे झाकून विश्वास ठेवा.' त्यांनी ठेवला.

पोलीस ठाण्यातही जाऊन आले, तेही सांगते, पाठीमागून काही करायची माझी रीत नाही. जबाब दिला, फोन दाखवला. तिथला साहेब शांतपणे म्हणाला, "मॅडम, फोन तपासायला पाठवावा लागेल, रिपोर्ट कधी येईल सांगता येत नाही. आणि तुम्ही पाहुण्या. मुलीची आई काय म्हणते ते महत्त्वाचं." मी म्हटलं, आई तेच म्हणेल जे मी म्हणते. तो म्हणाला, मग काळजी कशाला?

दोन ओळी लिही. रामलालच्या नावाने. तुझी सही पाहिजे.

जमना


पुसद,
११ डिसेंबर

शाम,

तिन्ही पोचपावत्या माझ्याकडे आहेत. पहिल्या दोनवर वर्षाची सही, तिसरीवर तुझी. म्हणजे तिसरं पत्र तू स्वतः घेतलंस. मला त्या सहीवरून बरं वाटलं होतं, असं लिहिण्याइतकी मी आता मूर्ख उरलेली नाही.

काल लालीबाईने मला बोलावून घेतलं. सोनू मागच्या खोलीत होती, बाहेर आली नाही. ओट्यावर संजय बसला होता. मला पाहून उठला, पाया पडला, "बसा मासी" म्हणाला, जसं घर त्याचंच आहे. तो गेल्यावर लालीबाई बोलली. जे बोलली ते तसंच लिहिते.

"बाई, मी सोमवारी ठाण्यात जाऊन राह्यली. संजयभाऊ गाडी आनते. मी सांगनार हाव का थ्या पोट्ट्यानं माह्या सोनूले जबरदस्तीनं नेलं होतं. लग्नाच्या पह्यले."

मी म्हटलं, "लाली, हे झालं नाही. तुला माहीत आहे हे झालं नाही."

"झालं नाही."

"मग?"

"मंग काय? सासरचे म्हनते, काहीतरी होतं. काही नव्हतं असं मी म्हनली, तूबी म्हनली, पोरगी म्हनली. कोनी मानलं? आता दोनच राह्यले. का तं ती आपल्या मनानं त्याच्यासंगं होती, नाही तं तिले जबरदस्तीनं नेलं होतं. आपल्या मनानं होती म्हनलं तं ती जलमभर माह्या घरात. जबरदस्ती म्हनलं तं पंचायची नसाब बसन, रामलाल घरात घेईन. संजयभाऊनं त्यायच्याशी बोलणं केलं."

"आणि राजदीप? त्याचा एक डोळा गेलाय, लाली. आता तुरुंगात पाठवणार त्याला? कशासाठी, तुझं पीठ दळलं म्हणून?"

तिने मागच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सत्यभामा तिच्या पोराची माय हाय. मी माह्या पोरीची हाव. तू कोणाचीच नाही बाई, तुले नाही समजनार."

हे मला लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली. कॉन्व्हेंटात घालून बापाने मला तांड्यापासून तोडलं, नोकरीने लग्नापासून तोडलं, हे मला तोंडावर सांगायची हिंमत आजवर एकाही बाईला झाली नव्हती. उठताना मागच्या खोलीत डोकावले. सोनू भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "मासी, माय खोटं बोलली तं मी वाचतो. मंग मीबी हो म्हनू का?" मी तिला काय उत्तर दिलं ते या पत्रात लिहिणार नाही.

आता नीट वाच. आधीची पत्रं रागाची होती, हे हिशेबाने लिहिते आहे.

सोमवारी अकरा वाजता लालीबाईचा जबाब आहे. तो झाला की राजदीपवर गुन्हा दाखल होईल, आणि असा गुन्हा की जामिनाला वकीलही पुढे येणार नाहीत. सत्यभामा गाव सोडेल. गिरणी बंद होईल. सोनू सासरी जाईल आणि जन्मभर नेलेली पोर म्हणून तिथे राहील, कधीही न नेलेली. लालीबाई जेव्हा जेव्हा तिला भेटायला जाईल, तेव्हा तिच्या गळ्यात पडून काय म्हणेल, हे तूच मला सांग, तुला आवाजातलं कळतं.

हे सगळं एका कागदाने थांबतं. तो कागद मी लिहू शकत नाही, सोनू लिहू शकत नाही, साहेब लिहू शकत नाही. आमच्यापैकी कुणालाच कुणी मानत नाही. तुला मानतात. रामलालने शब्द दिला आहे आणि तो पाळणारा माणूस आहे. तुझा कागद आला तर लालीबाईला खोटं बोलायची गरजच उरत नाही. ती काय आनंदाने जाते आहे ठाण्यात? 'झालं नाही' हे काल तिने स्वतः माझ्यासमोर कबूल केलं.

तुझं काय होईल तेही सांगते, लपवत नाही. चॅनल बंद होईल. संजय तुला ओळखणार नाही. तुझ्यावर केस होईल आणि कदाचित तुला आत जावं लागेल. वर्षाला तिच्या माहेरी मी नेऊन सोडेन, किंवा माझ्याकडे ठेवेन. वकील मी पाहीन. तुरुंगात डबा मी आणेन, आणि तिथेही तुला तोंडावर बोलेन. पण आणेन. लालीबाई म्हणते मी कोणाचीच नाही. ते खरं की खोटं हेही तुझ्याच सहीवर आहे.

मजकूर तुझा तू लिही, मी सांगून लिहिलेला नको. एवढंच त्यात असलं पाहिजे: क्लिप सोनूच्या लग्नातल्या ढावल्याची आहे, ती तू कापलीस, हे तुला कापताना ठाऊक होतं, आणि राजदीपचा त्याच्याशी काही संबंध नाही. कागदावर, हाताने लिहिलेलं, खाली सही. तेच 'उजेडवाट'वर तुझ्या तोंडाने. पोस्टावर टाकू नकोस, आता पोस्टाला वेळ नाही. स्वतः ये किंवा वर्षाच्या हाती बसने पाठव, मी पुसदच्या बसस्टँडवर सकाळपासून असेन.

सोमवार, १५ डिसेंबर, सकाळी दहाच्या आत मला लेखी उत्तर पाहिजे. त्यानंतर आणू नकोस. अकराला लालीबाई बोलेल, आणि ती बोलली की तू खरा ठरशील.

जमना अमरसिंग आडे